प्लगपाशी मोजलेले वॉट आणि पडद्यावरचा सिनेमा

पीएच.डी.ची तयारी करणारे बरेच जण विचारतात, की रिसर्च पेपर चिकित्सकपणे वाचायचा म्हणजे नक्की काय करायचं? माझं उत्तर जरा तिरकं आहे. पहिले काही दिवस पेपर बाजूला ठेवा आणि कॉम्प्युटर हार्डवेअरची जुनी परीक्षणं वाचा. पेपरात विषयाचाच एवढा धाक असतो, की मोजमापाकडे रोखून बघायचं धैर्य होत नाही. परीक्षणात वस्तू ओळखीची असते, तक्ता समोर असतो आणि निकाल शेवटच्या पानावर. 'हा आकडा आला कुठून?' असं विचारायला तिथे कुणाची भीती नाही.

त्यासाठी आज मी निवडलाय तो २००८ ते २०११ या काळातला होम थिएटर पीसीचा प्रकार. टीव्हीखाली ठेवायचा, आवाज न करणारा, वीज कमी खाणारा कॉम्प्युटर आणि त्यातला मदरबोर्ड. त्याआधी १०८०पी दर्जाचा एच.२६४ सिनेमा चालवायचा तर दणकट प्रोसेसर तरी लागायचा किंवा वेगळं ग्राफिक्स कार्ड तरी. मार्च २००८ मध्ये एएमडीचा ७८०जी चिपसेट आला. त्यातल्या रेडिऑन एचडी ३२०० मध्ये व्हिडिओ डिकोड करणारं हार्डवेअरच बसवलेलं होतं. त्याच वर्षी इंटेलचा जी४५ आला, आणि २००९ मध्ये ॲटम प्रोसेसरच्या जोडीला एनव्हिडियाचं आयॉन. म्हणजे स्वस्त बोर्डावर ब्ल्यू-रे चालणं शक्य झालं, आणि परीक्षण करणाऱ्यांपुढे दोन प्रश्न आले: हा बोर्ड वीज किती खातो, आणि सिनेमा नीट दाखवतो का?

उत्तर देण्याची पद्धत हळूहळू ठरून गेली. सायलेंट पीसी रिव्ह्यू, आनंदटेक किंवा त्यांच्या वळणाची कुठलीही साइट घ्या. एक तक्ता: मशीन नुसतं बसलंय तेव्हा किती वॉट, व्हिडिओ चालू असताना किती, पूर्ण भार टाकल्यावर किती. शेजारी दुसरा रकाना: अमुक क्लिप चालवताना सीपीयूचा वापर किती टक्के. तळाला निष्कर्ष, की तमुक बोर्ड दोन वॉटांनी सरस.

टीका करण्याआधी एक गोष्ट मान्य करू. या लोकांनी पॉवर सप्लाय कुठला, मेमरी किती, ड्रायव्हरची आवृत्ती कुठली, क्लिप कुठली हे सगळं नोंदवून ठेवलं. वर्षानुवर्षं त्याच क्लिप वापरल्या, म्हणजे जुन्या-नव्या बोर्डांची तुलना करता यावी. पद्धत एवढी उघडी ठेवणं मी काही छापील पेपरांतही पाहिलेलं नाही. आपण आज जी चिरफाड करणार आहोत, ती त्यांनी सगळं लिहून ठेवलं म्हणूनच करता येतेय.

आता त्या टक्क्यांच्या रकान्याकडे या. माझ्या मते सगळ्या तक्त्यात सर्वांत कच्चा रकाना तोच.

समजा, एका बोर्डावर क्लिप चालवताना सीपीयू वापर २० टक्के दिसला आणि दुसऱ्यावर १० टक्के. वाचणारा लगेच म्हणतो, दुसरा दुप्पट चांगला. पण वीज वाचवण्यासाठी प्रोसेसर आपला वेग कमी-जास्त करत असतो; एएमडीच्या भाषेत कूल अँड क्वाएट, इंटेलच्या भाषेत स्पीडस्टेप. पहिला प्रोसेसर त्या वेळी १ गिगाहर्ट्झवर उतरलेला असेल, तर २० टक्के म्हणजे सेकंदाला २० कोटी आवर्तनं. दुसरा २.५ गिगाहर्ट्झवरच राहिला असेल, तर १० टक्के म्हणजे २५ कोटी. कमी टक्केवाल्यानं काम जास्त केलंय! टक्केवारीचा छेदच हलता आहे. छेद हलता असलेलं गुणोत्तर तक्त्यात घालायचं तर छेदही सोबत द्यावा लागतो, आणि तो वेगाचा रकाना बहुतेक ठिकाणी नसतो.

बरं, दोघांचा वेग सारखा धरला तरी सुटका नाही. ड्युअल कोर प्रोसेसरवर १०० टक्के म्हणजे दोन्ही कोर पूर्ण भरलेले. एच.२६४ मध्ये कॅबॅक नावाची एक पायरी असते, बिट्सच्या गाठोड्यातून माहिती उलगडण्याची. ती स्वभावानंच एकामागून एक चालणारी आहे. पुढचा बिट वाचायला आधीच्याचा निकाल हातात लागतो. डिकोडर एकाच धाग्यावर चालत असेल, तर एक कोर गुदमरलेला आणि दुसरा निवांत, असं होतं. तक्त्यात दिसतं ५० टक्के. वाचणारा समजतो, निम्मा प्रोसेसर मोकळा आहे. आणि पडद्यावर सिनेमा अडखळत असतो.

अजून एक बारीक भानगड आहे. ज्यांनी कधी सॅम्पलिंगवर लॅब केलीय त्यांना ती आवडेल. त्या काळच्या विंडोजमध्ये प्रोसेसर किती वेळ कामात होता, हा हिशेब घड्याळाच्या ठोक्यांवर चाले. साधारण दर १५.६ मिलिसेकंदांनी ठोका पडायचा, आणि त्या क्षणी जो धागा चालू असेल त्याच्या खात्यावर सगळा वेळ मांडला जायचा. व्हिडिओचं काम असतं तुकड्यातुकड्यांचं: फ्रेम आली, थोडं काम केलं, झोपी गेला. दोन ठोक्यांच्या मध्ये उठून, काम उरकून पुन्हा झोपणारा धागा हिशेबात येतच नाही. त्यात मीडिया प्लेअर बहुधा ठोक्याचं अंतर १ मिलिसेकंदावर आणायला सांगतात. म्हणजे मोजायची वस्तू स्वतःच मोजपट्टी बदलते. वर, सेकंदाला हजार वेळा उठवल्यामुळे प्रोसेसर गाढ झोपेत कमी जातो आणि वॉटही थोडे वाढतात. प्लेअर बदलला की दोन्ही रकाने हलणार. दोष बोर्डाचा की प्लेअरचा?

पण हे सगळे तांत्रिक आक्षेप बाजूला ठेवले तरी मूळ आक्षेप उरतोच. प्रश्न होता सिनेमा नीट दिसतो का. सीपीयू वापर हे त्याचं उत्तरच नाही. डिकोडिंग हार्डवेअरकडे गेलं की सीपीयू ५ टक्क्यांवर येतो, हे छानच. पण फ्रेम वेळेवर पडद्यावर पोचली का, हे त्या ५ टक्क्यांत कुठेही लिहिलेलं नसतं. सीपीयू वापर हा २००८ च्या आधीचा प्रश्न होता, प्रोसेसर पुरेल की नाही याचा. तंत्रज्ञान बदललं, प्रश्न बदलला, रकाना मात्र तसाच राहिला. कारण टास्क मॅनेजर उघडून बघायला कष्ट नाहीत. तुमच्या क्षेत्रातही असा एखादा रकाना असेल, जो फक्त मोजायला सोपा म्हणून प्रत्येक पेपरात असतो. शोधून ठेवा, मुलाखतीत उपयोगी पडतो.

मग मोजायचं काय? फ्रेमचा वेळ. सिनेमाच्या २४ फ्रेम म्हणतात, पण ब्ल्यू-रेवर बहुतेक वेळा तो आकडा २४००० भागिले १००१, म्हणजे २३.९७६ असतो. प्रत्येक फ्रेम ४१.७ मिलिसेकंद दिसायला हवी. टीव्ही ६० हर्ट्झवर असेल तर एक फ्रेम दोनदा, पुढची तीनदा असं करत जुळवावं लागतं. म्हणजे एक ३३ मिलिसेकंद टिकते आणि दुसरी ५०. कॅमेरा सावकाश आडवा फिरतो तेव्हा ही लंगडी चाल डोळ्याला दिसते. म्हणून लोकांना टीव्हीला थेट २३.९७६ नं चित्र देणारा बोर्ड हवा होता.

आणि इथेच या परीक्षणांतलं मला सर्वांत आवडलेलं काम येतं. जानेवारी २०११ मध्ये इंटेलचे सँडी ब्रिज प्रोसेसर आले. सीपीयू वापर झकास, वॉट झकास, तक्त्यात सगळीकडे पहिला नंबर. आनंदटेकनं मात्र त्यातली खोट ठळकपणे मांडली: याला अचूक २३.९७६ जमत नाही. २४.००० दिलं तर काय होतं ते तुम्हीच काढून बघा. फरक सेकंदाला ०.०२४ फ्रेम, म्हणजे सुमारे ४२ सेकंदांनी एक फ्रेम जास्तीची दाखवावी लागते. दोन तासांच्या सिनेमात असे १७० च्या वर हिसके. थोडी खटपट केली की हा दर सुमारे २३.९७२ वर येई. तिथे फरक ०.००४ चा, म्हणजे साधारण चार मिनिटांनी एकदा.

आता मला सांगा, दोन मिनिटांचा ट्रेलर चालवून टक्के आणि वॉट लिहिणाऱ्या चाचणीत हे कधी सापडलं असतं का? चार मिनिटांनी येणारी घटना दोन मिनिटांच्या निरीक्षणात बहुधा दिसणारच नाही. निरीक्षणाचा काळ ठरवायचा तो घटनेच्या वारंवारितेवरून, क्लिपच्या लांबीवरून नव्हे. शिवाय बऱ्याच ट्रेलरचा बिटरेट ब्ल्यू-रेच्या कमाल ४० मेगाबिटच्या कितीतरी खाली असतो, म्हणजे भारही खोटाच.

आपल्याकडच्या वाचकांसाठी एक जोड. त्या चाचण्यांतलं बरंचसं साहित्य अमेरिकी ६० हर्ट्झच्या जगातलं. आपल्याकडचं टीव्ही प्रक्षेपण पाल पद्धतीच्या वारशानं ५० हर्ट्झचं, सेकंदाला २५ फ्रेम, त्याही अर्ध्या-अर्ध्या ओळींच्या. डिशवरचं चॅनेल कॉम्प्युटरवर बघायचं तर बोर्डाला त्या ओळी शिवून अखंड चित्र करावं लागतं, आणि एम्बेडेड ग्राफिक्सचा खरा कस तिथेच लागतो. त्याला स्वतःची मेमरी नसते किंवा जेमतेम असते. मुख्य मेमरीतून उसनवारी चालते. ७८०जीच्या बाबतीत तर मेमरीची चावी प्रोसेसरकडे, म्हणजे ग्राफिक्सला प्रत्येक वेळी प्रोसेसरच्या दारातून जावं लागायचं. मेमरीची एकच काडी लावली की दोन, प्रोसेसर जुन्या पिढीचा की नव्या, यावर तोच बोर्ड वेगळा वागू शकतो. त्यामुळे 'या बोर्डावर व्हिडिओ उत्तम' हे वाक्य अपुरं आहे. कुठला व्हिडिओ आणि कशासोबत, हे जोडल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

आता वॉटांकडे. इथे परिस्थिती बरी आहे, कारण वॉट हे निदान खरं एकक तरी आहे. अडचण मोजण्याच्या जागेची. मीटर लावलेला असतो भिंतीतल्या प्लगपाशी, आणि निष्कर्ष काढायचाय बोर्डाबद्दल. मधे पॉवर सप्लाय बसलाय, आणि तो स्वतःचा वाटा घेतो. ८० प्लस हे प्रमाणपत्र मूळ स्वरूपात २०, ५० आणि १०० टक्के भाराला कार्यक्षमता तपासायचं. होम थिएटर पीसी नुसता बसलेला असताना आतून ३० वॉट घेत असेल आणि त्याला सप्लाय ५०० वॉटचा लावला असेल, तर भार झाला ६ टक्के. प्रमाणपत्राची परीक्षा जिथे सुरू होते त्याच्या बऱ्याच खाली. तिथे एखादा सप्लाय ८० टक्के कार्यक्षम असेल, एखादा ६५. ८० टक्केवाला भिंतीतून ३७.५ वॉट ओढेल, ६५ वाला ४६. तोच बोर्ड, तीच मेमरी, फरक साडेआठ वॉटांचा. आणि आपण भांडतोय दोन वॉटांवरून.

सप्लाय सगळ्यांना एकच वापरला म्हणून हा प्रश्न मिटत नाही. क्रम बहुधा बरोबर लागेल, पण फरक फुगतो: आतले २ वॉट ६५ टक्क्यांच्या सप्लायमधून बाहेर ३ होऊन दिसतात. भार वाढला की कार्यक्षमता बदलते, त्यामुळे हा फुगवटा प्रत्येक ओळीत वेगळा. भर म्हणून व्होल्टेज: ११५ व्होल्टवर मोजलेली कार्यक्षमता आपल्या २३० वर जशीच्या तशी लागू होत नाही, सहसा थोडी सुधारते. सायलेंट पीसी रिव्ह्यू पॉवर सप्लायच्या स्वतंत्र चाचण्या अगदी कमी भारापासून करायची, आणि त्यामुळे त्यांचे आकडे उलगडून आत जाता येतं. तेवढं केलं की माझा अर्धा आक्षेप मागे.

कुणी म्हणेल, मीटर कशाला, क्लॅम्प लावून करंट मोजू आणि २३० नं गुणू. असं केलेल्या प्रोजेक्ट रिपोर्टांत वॉटऐवजी व्होल्ट-अँपिअर येतात. पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट नसलेल्या स्वस्त सप्लायचा पॉवर फॅक्टर ०.६ च्या आसपास असू शकतो, म्हणजे ४० वॉटचं मशीन ६६ दाखवेल. घरगुती वीजबिल वॉटांवर येतं.

मीटरचं लघुत्तम मापही बघू या. हे आपण बारावीच्या प्रॅक्टिकलला लिहितो आणि नंतर विसरतो. बऱ्याच साध्या प्लग मीटरवर वॉटचा आकडा सारखा नाचतो. ४१, ३८, ४४. परीक्षण करणारा डोळ्यांनी सरासरी धरतो. 'मग युनिट मोजा' ही सूचना रास्त, पण युनिट दिसतात दोन दशांश स्थळांपर्यंत. दोन तासांचा सिनेमा ४० वॉटवर चालला तर ०.०८ युनिट. ४३ वॉटवर चालला तर ०.०८६, मीटरवर पुन्हा ०.०८. तीन वॉटांचा फरक यंत्राला दिसतच नाही. तोच सिनेमा चोवीस तास फिरवत ठेवला तर ०.९६ आणि १.०३. आता दिसतो. खर्च काहीच नाही, फक्त धीर लागतो. मशीन तापून स्थिर व्हायलाही त्यात वेळ मिळतो. गार चिप आणि तापलेली चिप सारखी वीज खात नाहीत.

आता 'बोर्डाचे वॉट' या शब्दांकडे. एएमडीचा बोर्ड आणि इंटेलचा बोर्ड यांत एकच प्रोसेसर बसू शकत नाही, म्हणून ७८०जी विरुद्ध जी४५ ही तुलना मुळात प्रोसेसरसकट दोन संचांची आहे. बोर्डाची म्हणावी अशी तुलना एकाच चिपसेटच्या दोन कंपन्यांच्या बोर्डांत होते, आणि तिथेही फरक बऱ्याचदा बायॉसच्या मूळ सेटिंगमध्ये दडलेला असतो: कुणी प्रोसेसरला थोडं जास्त व्होल्टेज देतं, कुणी खोल झोपेच्या अवस्था बंद ठेवतं. मोजला एकच नमुना. दुसरा आणून मोजला तर दोन नमुन्यांतला फरक दोन कंपन्यांतल्या फरकापेक्षा जास्त निघणार नाही, याची खात्री तक्ता देत नाही.

याच्या उलटही होतं, बोर्डच खरा खादाड आणि श्रेय प्रोसेसरला. २००८ चा इंटेलचा डी९४५जीसीएलएफ आठवा. त्यावरच्या ॲटम २३० ची टीडीपी ४ वॉट, आणि जाहिरात त्याचीच. पण शेजारचा ९४५जीसी चिपसेट होता २२ वॉटांचा. बोर्डावर पंखा होता तो चिपसेटवर. प्रोसेसरला साधा हीटसिंक पुरला. वर त्या चिपसेटच्या ग्राफिक्सला एच.२६४ डिकोड करता यायचं नाही. चार वॉटचा आकडा खरा होता, पण सिनेमा बघणाऱ्यासाठी बिनकामाचा.

आणि ज्याला बिल भरायचंय त्याचं काय? वॉट नव्हे, वॉट-तास. काल्पनिक आकडे घेऊ. अ बोर्ड बसून ३० वॉट, सिनेमा चालवताना ४०. ब बोर्ड बसून २६, चालवताना ४५. 'व्हिडिओ' रकान्यात अ जिंकतो. एका घरात मशीन २० तास नुसतं चालू आणि ३ तास सिनेमा: अ ७२० वॉट-तास, ब ६५५. ब जिंकला. दुसऱ्या घरात सिनेमा संपला की झोपवतात, आणि झोपेत दोघे २ वॉट घेतात: अ १६२, ब १७७. पुन्हा अ. विजेता बोर्डानं ठरत नाही, घरानं ठरतो. परीक्षण एकच विजेता जाहीर करतं तेव्हा त्यानं कुठलंतरी एक घर न सांगता गृहीत धरलेलं असतं.

हे जुनं म्हणून सोडून देऊ नका. आनंदटेक ऑगस्ट २०२४ मध्ये बंद झालं, पण तक्ते चालूच आहेत. आज '६ वॉटचा' इंटेल एन१०० बसवलेले छोटे पीसी टीव्हीखाली येताहेत. ते ६ वॉटही टीडीपीचे, प्लगपाशी मोजलेले नव्हेत. प्लग मीटरची जागा आता बऱ्याच ठिकाणी रॅपल या सॉफ्टवेअर आकड्यानं घेतलीय. इंटेलनं तो सँडी ब्रिजपासून आणला. सुरुवातीला तो प्रत्यक्ष मोजमाप नव्हता, आतल्या घडामोडींवरून बांधलेला अंदाज होता. हॅसवेलपासून मोजमापाचा आधार आला. वापरायला फार सोयीचा, सेकंदाला कितीही वेळा वाचा. फक्त तो प्रोसेसरच्या पॅकेजपुरता आहे. व्होल्टेज रेग्युलेटरची गळती, नेटवर्क चिप, डिस्क, सप्लाय यांतलं काहीच त्यात नाही. बोर्डाचं परीक्षण त्यावर लिहिणं म्हणजे बोर्ड वगळून बोर्ड मोजणं.

सराव करायचा असेल तर असं एखादं परीक्षण काढा, निष्कर्षाचं पान झाका, आणि तक्त्यातल्या प्रत्येक रकान्यापुढे दोन गोष्टी लिहा: मीटर कुठे लावला होता, आणि किती वेळ. मग निष्कर्ष उघडून त्यातली कुठली वाक्यं अजून उभी आहेत ते बघा. सँडी ब्रिजच्या लेखांवर हे करून पाहिलं तर मजा येते. वॉटांबद्दलची बरीच वाक्यं डगमगतात आणि ४२ सेकंदांचं वाक्य मात्र जागचं हलत नाही.